जावामध्ये मूळ क्लासचा थेट ऑब्जेक्ट बनूच नये, यासाठी नेमके काय करावे?

प्रश्न : चोपड्याची_पट्टी

नमस्कार मंडळी. चोपडा तालुक्यात आमचा केळी, कापूस आणि मका खरेदीचा घरचा व्यवसाय आहे आणि शेतकऱ्याला द्यायची हिशोबाची पट्टी छापणारा एक छोटा प्रोग्राम मी जावामध्ये लिहिलेला आहे. तीन हंगाम तो मुकाट्याने चालला. गेल्या महिन्यात मात्र त्याने एक चुकीची पट्टी छापली, आणि ती चूक प्रोग्रामने नव्हे तर माझ्या वडिलांनी वही समोर ठेवून पकडली, हे मला जास्त लागले.

रचना अशी आहे. ‘शेतमाल’ हा मूळ क्लास, म्हणजे ज्यावरून प्रत्यक्ष नोंदी (ऑब्जेक्ट) बनतात तो साचा, असून त्यात शेतकऱ्याचे नाव, एकूण वजन आणि क्विंटलचा भाव साठवला जातो. ‘निव्वळ वजन’ ही मेथडही तिथेच आहे. ती एकूण वजनातून ‘घट’ या मेथडचे उत्तर वजा करते. मूळ क्लासमधली ‘घट’ शून्य परत करते. ‘केळी’ हा उपक्लास (मूळ क्लासचा वारसा घेणारा क्लास) ती मेथड नव्याने लिहून घडाच्या दांड्याचे वजन परत करतो, तर ‘कापूस’ आणि ‘मका’ हे ओलाव्याप्रमाणे घट धरतात. दिवाणजी मालाचे नाव टाइप करतात, एक फंक्शन ते नाव पाहून योग्य त्या उपक्लासचा ऑब्जेक्ट बनवते, आणि कोणतेच नाव जुळले नाही तर शेवटच्या ‘एल्स’मध्ये सरळ ‘न्यू शेतमाल’ केले जाते. त्या दिवशी दिवाणजींकडून ‘केळी’ या शब्दानंतर एक मोकळी जागा टाइप झाली. नाव जुळले नाही, मूळ क्लासचा ऑब्जेक्ट बनला, घट शून्य धरली गेली आणि ४२ क्विंटलची पट्टी दांड्यासकट छापली जाऊन पैसेही दिले गेले. शेतकरी घरोब्याचे होते. त्यांनी स्वतःच फरक पुढच्या मालात वळता करून घ्यायला सांगितले, म्हणून ते तिथेच मिटले.

आता ‘शेतमाल’चा थेट ऑब्जेक्ट कोणालाही, म्हणजे मलासुद्धा, बनवता येऊ नये असे मला हवे आहे. एका मैत्रिणीने कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट बनताना चालणारा कोड) प्रायव्हेट, म्हणजे क्लासबाहेरून न वापरता येणारा, करायला सांगितले. तसे केल्यावर तिन्ही उपक्लास कंपाइलच होईनात. क्लास ॲब्स्ट्रॅक्ट (ज्याचा थेट ऑब्जेक्ट बनत नाही असा) करावा, तर माझ्या कॉलेजच्या वहीत लिहिलेले आहे की अशा क्लासमध्ये निदान एक तरी ॲब्स्ट्रॅक्ट, म्हणजे देह नसलेली, मेथड असावीच लागते आणि त्याला कन्स्ट्रक्टर नसतो. माझ्या क्लासला कन्स्ट्रक्टर आहे आणि ॲब्स्ट्रॅक्ट मेथड एकही नाही. तिसरा सल्ला इंटरफेसचा, म्हणजे क्लासऐवजी मेथडची नुसती यादी जाहीर करण्याचा, मिळाला आहे. यांतले कोणते धरावे?

उत्तर : तापीकाठ

ताई, वहीतली ती दोन्ही वाक्ये जावापुरती खोडून टाका. जावामध्ये क्लासच्या आधी ‘ॲब्स्ट्रॅक्ट’ हा शब्द लिहिला की काम झाले. आत एकही ॲब्स्ट्रॅक्ट मेथड नसली तरी कंपायलरची हरकत नसते. नियम उलट बाजूने आहे : एखादी मेथड ॲब्स्ट्रॅक्ट असेल तर तिचा क्लास ॲब्स्ट्रॅक्ट म्हणून जाहीर करावाच लागतो. कन्स्ट्रक्टरचेही तसेच आहे. ॲब्स्ट्रॅक्ट क्लासला कन्स्ट्रक्टर असतो, आणि ‘न्यू केळी’ केल्यावर ‘केळी’चा कन्स्ट्रक्टर आधी ‘सुपर’मार्फत ‘शेतमाल’च्या कन्स्ट्रक्टरला बोलावतो, कारण नाव, वजन आणि भाव भरून घेण्याचे काम त्याचेच आहे. तुम्ही तो प्रायव्हेट केला तेव्हा वेगळ्या फायलींत असलेल्या उपक्लासना ही हाक मारण्याची सोयच उरली नाही, म्हणून ते अडले. तो प्रोटेक्टेड, म्हणजे उपक्लासना वापरता येईल असा, ठेवा.

मात्र ‘ॲब्स्ट्रॅक्ट’ न लिहिता नुसता कन्स्ट्रक्टर प्रोटेक्टेड करून भागेल असे समजू नका. जावामध्ये प्रोटेक्टेड गोष्ट उपक्लासना दिसते तशी त्याच पॅकेजमधल्या (क्लासच्या गटातल्या) इतर सगळ्या क्लासनाही दिसते. तुमचे ‘एल्स’ असलेले फंक्शन बहुधा त्याच पॅकेजमध्ये असणार, आणि मग तिथले ‘न्यू शेतमाल’ पूर्वीसारखेच बिनबोभाट कंपाइल होईल.

इंटरफेसचा सल्ला चुकीचा नाही, पण तुमच्या घरी तो बसत नाही. २०१४ साली आलेल्या जावा ८ पासून इंटरफेसमध्ये देह असलेल्या डिफॉल्ट मेथड लिहिता येतात हे खरे, तरीही प्रत्येक ऑब्जेक्टचे स्वतःचे वजन आणि भाव साठवायला तिथे जागा नसते. तुमच्याकडे साठवण सामाईक आहे, म्हणून ॲब्स्ट्रॅक्ट क्लासच योग्य.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण खरी गोम जिथे आहे, तिथे येतो. पट्टी चुकली ती मूळ क्लासचा ऑब्जेक्ट बनला एवढ्यामुळेच नव्हे. मूळ क्लासला घट किती हे माहीत नव्हते आणि तरीही त्याने ‘शून्य’ असे ठाम उत्तर दिले, यामुळे ती चुकली. ‘माहीत नाही’ आणि ‘शून्य’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वजनकाट्यावर बसणाऱ्या कोणालाही हे समजावून सांगावे लागत नाही, पण आपण कोड लिहिताना सर्रास विसरतो. समजा तुम्ही क्लास ॲब्स्ट्रॅक्ट केला आणि शून्य परत करणारी ‘घट’ तशीच ठेवली. पुढच्या हंगामात हरभरा सुरू केलात, घाईत ‘हरभरा’ हा उपक्लास लिहिलात आणि ‘घट’ लिहायची राहिली, तर तो उपक्लास वारशाने मिळालेले तेच शून्य घेऊन बसेल. थेट ऑब्जेक्टला बंदी आहे, पण चूक पुन्हा घरात! म्हणून ‘घट’ हीच मेथड ॲब्स्ट्रॅक्ट करा, म्हणजे तिला मूळ क्लासमध्ये देहच ठेवू नका. मग ‘घट’ न लिहिलेला ‘हरभरा’ कंपाइल होणार नाही. एखाद्या मालाला खरोखरच घट नसेल तर त्या उपक्लासमध्ये शून्य हाताने लिहावे लागेल, आणि ते लिहिताना माणूस क्षणभर विचार करतो.

‘एल्स’मध्ये काय लिहावे? एक्सेप्शन फेकावे, म्हणजे चूक जाहीर करून काम थांबवावे. क्लास ॲब्स्ट्रॅक्ट केल्यामुळे ‘केळी’पुढची मोकळी जागा कंपायलरला दिसू लागेल असे नाही, ते नाव प्रोग्राम चालू असताना येते. मिळालेल्या नावाच्या आजूबाजूच्या मोकळ्या जागा छाटून घेणे आणि तरीही नाव जुळले नाही तर पट्टी न छापता थांबणे, हे तुम्हालाच लिहावे लागेल.

एक गंमत. उद्या कोणी ‘न्यू शेतमाल’ लिहून पुढे महिरपी कंस उघडला आणि त्यात ‘घट’ लिहिली, तर ते चालते. दिसायला थेट ऑब्जेक्ट दिसतो, पण प्रत्यक्षात कंपायलर त्या जागी एक निनावी उपक्लास तयार करतो. तोंडी परीक्षेत यावर हमखास अडवतात.

उत्तर : संकलक_धुळे

वर तापीकाठ यांनी जे लिहिले ते जावासाठी बरोबर आहे, पण वहीतले पहिले वाक्य कोठून आले असावे हेही सांगायला हवे, कारण ते वाक्य हवेतून आलेले नाही. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी आधी सी प्लस प्लस शिकवतात आणि मग जावा, आणि सी प्लस प्लसमध्ये ते वाक्य खरे आहे. त्या भाषेत क्लासच्या आधी लिहायचा ‘ॲब्स्ट्रॅक्ट’ असा शब्दच नाही. एखाद्या व्हर्च्युअल (उपक्लासला नव्याने लिहिता येणाऱ्या) फंक्शनपुढे ‘बरोबर शून्य’ लिहिले की ते प्युअर व्हर्च्युअल होते, आणि असे निदान एक फंक्शन क्लासमध्ये असले, स्वतःचे किंवा वारशाने आलेले पण पूर्ण न केलेले, तर तो क्लास आपोआप ॲब्स्ट्रॅक्ट ठरतो. (हे ‘बरोबर शून्य’ आणि ताईंच्या ‘घट’मधले शून्य यांचा अर्थ अगदी उलटा आहे. इथल्या शून्याचा अर्थ ‘उत्तर नाही’ असा होतो.)

मग प्युअर करण्याजोगे एकही फंक्शन नसेल तर? अशा वेळी डिस्ट्रक्टर (ऑब्जेक्ट नष्ट होताना चालणारे फंक्शन) प्युअर व्हर्च्युअल करण्याची जुनी रीत आहे. तिच्यात नवशिक्यांना एक ठेच लागतेच. डिस्ट्रक्टर प्युअर केला तरी त्याचा देह क्लासबाहेर लिहावाच लागतो, कारण उपक्लासचा ऑब्जेक्ट नष्ट होताना मूळ क्लासच्या डिस्ट्रक्टरलाही हाक जाते. देह लिहिला नाही तर कंपायलर गप्प राहतो आणि लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारा प्रोग्राम) ओरडतो, आणि लिंकरचे ओरडणे वाचून कारण शोधण्यात माझी भर मे महिन्यातली एक आख्खी दुपार गेली होती. धुळ्यातली मेची दुपार म्हणजे काय, ते इथल्या लोकांना सांगायला नको.

दुसरा मार्ग प्रोटेक्टेड कन्स्ट्रक्टरचा. सी प्लस प्लसमध्ये तो जावापेक्षा कडक आहे, कारण तिथे पॅकेज ही भानगड नाही. उपक्लासला आपल्या ऑब्जेक्टमधला मूळ क्लासचा भाग बांधण्यापुरताच तो कन्स्ट्रक्टर वापरता येतो. उपक्लासच्या एखाद्या फंक्शनमध्ये मूळ क्लासचा सुटा ऑब्जेक्ट बनवायला गेलात तर तेही नाकारले जाते. फ्रेंड म्हणून जाहीर केलेल्यांना आणि मूळ क्लासच्या स्वतःच्या फंक्शनना मात्र मुभा असते.

तिसरा मार्ग म्हणजे २०११ च्या मानकापासून आलेले ‘बरोबर डिलीट’, म्हणजे ते फंक्शन वापरायलाच बंदी. ज्या क्लासमध्ये नुसती स्टॅटिक (ऑब्जेक्टशिवाय चालणारी) फंक्शने आहेत, त्याचा ऑब्जेक्ट कोणीच बनवू नये, म्हणून त्याचा डिफॉल्ट कन्स्ट्रक्टर डिलीट करतात. पण २०११ पासून २०१७ पर्यंतच्या मानकांत इथे एक भोक राहिले होते : असा साधा क्लास ॲग्रिगेट (कन्स्ट्रक्टरशिवाय थेट भरता येणारा) गणला जात असे, आणि म्हणून नावापुढे रिकामे महिरपी कंस लिहिले की कन्स्ट्रक्टर डिलीट केलेला असूनही ऑब्जेक्ट बनत असे. २०२० च्या मानकाने ते भोक बुजवले. जुन्या मानकावर काम करणारे काही जण कन्स्ट्रक्टर प्रायव्हेट भागात ठेवून डिलीट करतात. त्याने हा प्रश्न सुटतो असे मात्र नाही, कारण ॲग्रिगेट ठरवताना कन्स्ट्रक्टर कोणत्या भागात आहे हे तिथे पाहिलेच जात नाही.  सरळ उपाय असा : असे काम नेमस्पेसमध्ये (नावांच्या साध्या गटात) ठेवा, क्लास बनवूच नका.

प्रतिसाद : चोपड्याची_पट्टी

दोघांचेही आभार. तापीकाठ दादा, सांगितल्याप्रमाणे क्लास ॲब्स्ट्रॅक्ट केला, ‘घट’ही ॲब्स्ट्रॅक्ट केली आणि ‘एल्स’मध्ये एक्सेप्शन टाकले. कंपायलरने दोन ठिकाणी बोट ठेवले. एक ‘एल्स’चे होते, ते अपेक्षितच होते. दुसरे मी पार विसरले होते : प्रिंटर नीट चालतो का ते पाहण्यासाठी कोरी पट्टी छापणारे एक बटण आहे, तिथेही मी ‘न्यू शेतमाल’ लिहून ठेवले होते. आता तिथे शून्य वजनाची ‘मका’ छापली जाते, ते जरा हास्यास्पद दिसते, पण चालेल.

याच ओघात आणखी एक विचारते. ‘मोजमाप’ नावाचा माझा एक क्लास आहे. त्यात क्विंटलचे किलो करणे, रुपये-पैसे जवळच्या रुपयात आणणे अशा फक्त स्टॅटिक मेथड आहेत. त्याचाही ऑब्जेक्ट बनवण्यात अर्थ नाही, म्हणून तोही मी ॲब्स्ट्रॅक्ट करून टाकला. बरोबर केले ना?

उत्तर : तापीकाठ

नाही ताई, हे मागे घ्या. कोडला अपाय होणार नाही, पण वाचणाऱ्याची दिशाभूल होईल. ‘ॲब्स्ट्रॅक्ट’ हा शब्द वाचणाऱ्याला सांगतो की हा क्लास अपुरा आहे आणि पुढे कोणीतरी तो पूर्ण करावा. ‘मोजमाप’ अपुरा नाही. त्याचा ऑब्जेक्ट असण्यालाच अर्थ नाही. शिवाय कोणी ‘मोजमाप’चा उपक्लास काढला तर त्या उपक्लासचा ऑब्जेक्ट खुशाल बनेल, म्हणजे बंदी नावापुरतीच राहील.

इथे तुमच्या मैत्रिणीचा सल्ला कामाला येतो. क्लास फायनल (उपक्लास न काढता येणारा) करा आणि त्याला एकच, प्रायव्हेट कन्स्ट्रक्टर ठेवा. जावाच्या स्वतःच्या ‘मॅथ’ या क्लासची रचना अशीच आहे. कन्स्ट्रक्टर अजिबात लिहिलाच नाही तर कंपायलर स्वतःहून एक बिनपॅरामीटरचा कन्स्ट्रक्टर घालून देतो, म्हणून तो लिहून मग प्रायव्हेट करावा लागतो, हे लक्षात ठेवा. काही जण त्याच्या आत एक एररही फेकून ठेवतात, म्हणजे क्लासच्या आतून चुकून कोणी ऑब्जेक्ट बनवला किंवा रिफ्लेक्शनने (चालू प्रोग्रामला क्लासच्या आत हात घालू देणाऱ्या सोयीने) प्रायव्हेटचे कुलूप उघडले तरी तो हाती लागत नाही. ॲब्स्ट्रॅक्ट क्लासला ती भीती नसते. रिफ्लेक्शननेही त्याचा ऑब्जेक्ट बनवायला गेले तर ‘इन्स्टॅन्शिएशन एक्सेप्शन’ मिळते.

सी शार्पवाल्यांना हा सगळा खटाटोप करावा लागत नाही. २००५ च्या २.० आवृत्तीपासून तिथे क्लासलाच ‘स्टॅटिक’ म्हणता येते : ऑब्जेक्ट नाही, वारसाही नाही. मौज अशी की कंपाइल झाल्यावर तो क्लास एकाच वेळी ‘ॲब्स्ट्रॅक्ट’ आणि ‘सील्ड’ (तिथे अर्थ : वारसा न देणारा) म्हणून नोंदला जातो, आणि हेच दोन शब्द माणसाने स्वतः एकत्र लिहिले तर कंपायलर नकार देतो. जावामध्येही ‘ॲब्स्ट्रॅक्ट’ आणि ‘फायनल’ एकत्र चालत नाहीत.

प्रायव्हेट कन्स्ट्रक्टरचा अर्थ नेहमीच ‘ऑब्जेक्ट नको’ असा असतो असेही नाही. पट्टीवरच्या तारखेसाठी तुम्ही ‘लोकलडेट’ वापरत असाल तर पाहा, तुम्ही कधीही ‘न्यू लोकलडेट’ लिहिलेले नसेल, कारण त्याचा कन्स्ट्रक्टर प्रायव्हेट आहे. तारखा मात्र हव्या तेवढ्या मिळतात, फक्त ‘ऑफ’, ‘नाऊ’ अशा दारांतून, आणि ‘ऑफ’च्या दारावर ३० फेब्रुवारी अडवली जाते. तिथे मनाई ऑब्जेक्टला नाही, मागच्या दाराने येण्याला आहे. तुमचे मालाच्या नावावरून ऑब्जेक्ट बनवणारे फंक्शन हे असेच एक दार आहे. ते ‘शेतमाल’च्या आत स्टॅटिक मेथड म्हणून हलवले तर पुढच्या माणसाला शोधाशोध करावी लागणार नाही.

उत्तर : नंदुरबारचा_अजगर

पायथनवाल्याने जावाच्या धाग्यात येऊ नये हे मान्य, पण वहीतल्या त्या पहिल्या वाक्याने राहवेना. पायथनमध्ये २००८ च्या २.६ आवृत्तीपासून ‘एबीसी’ हे मोड्यूल आहे, आणि तिथेही ते वाक्य खरे आहे, तेही जास्त त्रासदायक रीतीने. मूळ क्लास ‘एबीसी’पासून काढला पण त्यात एकाही मेथडवर ‘ॲब्स्ट्रॅक्टमेथड’ची खूण केली नाही, तर त्या क्लासचा ऑब्जेक्ट निवांत बनतो, ना एरर, ना सूचना. मी स्वतः वर्षभर समजत होतो की माझा क्लास बंदिस्त आहे.

शिवाय आमच्याकडे अडवणारा कंपायलर नसतो. ‘घट’ लिहायची राहिलेला ‘हरभरा’ प्रोग्राम सुरू होताना काहीच बोलत नाही. हरभऱ्याची पहिली गाडी काट्यावर उभी राहून ऑब्जेक्ट बनवण्याची वेळ आली की मग ‘टाइपएरर’ येतो. म्हणून प्रत्येक उपक्लासचा एकेक ऑब्जेक्ट बनवून पाहणारी छोटी चाचणी आम्ही हंगामाआधीच चालवतो.

उत्तर : भुसावळ_यार्ड

थोडक्यात लिहितो, पण ताईंनी हे वाचल्याशिवाय नवी आवृत्ती दुकानातल्या संगणकावर टाकू नये. जुन्या पट्ट्या कशात साठवलेल्या आहेत? जेसन फायलींत (नोंदी मजकूर म्हणून साठवण्याचा एक प्रकार) असतील आणि जॅक्सनने (जेसन वाचणाऱ्या जावाच्या लायब्ररीने) वाचत असाल, तर वाचताना जॅक्सनलाही ऑब्जेक्ट बनवावा लागतो, आणि ॲब्स्ट्रॅक्ट क्लासचा ऑब्जेक्ट त्यालाही बनवता येत नाही. नोंदीबरोबर उपक्लासचे नाव लिहिलेले असेल तर ‘केळी’, ‘कापूस’ नीट वाचले जातील. नसेल तर सगळ्याच जुन्या नोंदी अडतील. आधी फायलींची प्रत काढून ठेवा आणि मग वाचून पाहा.

जावा १७ किंवा त्यापुढची आवृत्ती असेल तर ‘शेतमाल’ला ‘सील्ड’ही करा आणि परवानगी असलेले तीन उपक्लास नावानिशी लिहा. त्याने वर सांगितलेल्या निनावी उपक्लासची वाटही बंद होते, आणि जावा २१ पासून उपक्लासनुसार ‘स्विच’ लिहिताना एखादा माल राहून गेला तर कंपायलरच सांगतो. त्यासाठी त्या ‘स्विच’मध्ये ‘डिफॉल्ट’ मात्र लिहू नका.

प्रतिसाद : चोपड्याची_पट्टी

‘मोजमाप’ फायनल केला, कन्स्ट्रक्टर प्रायव्हेट केला. ‘सील्ड’ सध्या राहू दिले आहे, कारण दुकानातल्या संगणकावर अजून जावा ११ आहे.

भुसावळच्या दादांनी वेळेवर सांगितले. नोंदी जेसनमध्येच आहेत, आणि सुदैवाने प्रत्येक नोंदीबरोबर क्लासचे नाव साठवण्याची व्यवस्था मी पहिल्याच वर्षी केली होती. प्रत काढली आणि तिन्ही हंगामांच्या फायली नव्या आवृत्तीतून वाचून पाहिल्या. सगळ्या नोंदी वाचल्या गेल्या, फक्त तीन अडल्या. त्या तिघींपुढे क्लासचे नाव ‘शेतमाल’ असे होते. एक तर गेल्या महिन्यातली ती ४२ क्विंटलचीच. उरलेल्या दोन मागच्या हंगामातल्या आहेत, एक केळीची आणि एक कापसाची, आणि त्या पट्ट्यांबद्दल आजवर कोणी काही बोललेले नव्हते. वडिलांना दाखवल्या, तर त्यांनी मागच्या वर्षीची वही काढायला सांगितली आहे.